महाश्वेतादेवींचे अपुरे राहिलेले काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठ बंगाली लेखिका महाश्वेतादेवी यांच्या जन्माला १४ जानेवारी २०२६ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. अशा निमित्ताने त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर भरभरून बोलले जाते आणि उतारवयातील त्यांच्या चळवळीची मात्र एखाद्या वाक्यात बोळवण होते. हे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या चळवळीतील एक मागणी, म्हणजे विमुक्त जमातींवरचा (इंग्रजांनी कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या आणि स्वातंत्र्यानंतर त्यातून मुक्त झालेल्या जमातींवरचा) गुन्हेगारीचा शिक्का पुसण्याची मागणी, अजून अपुरी आहे आणि तिचा आपल्या सोलापूरशी थेट संबंध आहे.

फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातील बुधन शबर हा विमुक्त शबर जमातीचा तरुण पत्नी श्यामलीबरोबर नातेवाइकांकडे निघाला असताना पोलिसांनी त्याला पकडले आणि काही दिवसांतच कोठडीत त्याचा मृत्यू झाला. त्याने गमछाने गळफास घेतला, असे पोलिसांचे म्हणणे होते. घरच्यांनी सरणावर पुतळा जाळला आणि पुन्हा तपासणी होईल तेव्हा पुरावा हाती असावा म्हणून बुधनचा देह झोपडीतच पुरून ठेवला. त्या वेळी महाश्वेतादेवी बहात्तर वर्षांच्या होत्या. ज्ञानपीठ आणि मॅगसेसे हे दोन्ही पुरस्कार त्यांना मिळून चुकले होते. ज्या खेडिया शबर कल्याण समितीच्या त्या आधारस्तंभ होत्या, तिने कोलकाता उच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने श्यामलीला भरपाई देण्याचा व सीबीआय चौकशीचा आदेश दिला.

त्याच वर्षी बडोद्यात त्यांनी, भाषाअभ्यासक गणेश देवी यांनी आणि ‘उचल्या’चे लेखक, आपले लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन केला. अहमदाबादच्या छारानगर या विमुक्तांच्या वस्तीतील तरुणांनी ३१ ऑगस्टला, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाल्याच्या विमुक्त दिनी, बुधनच्या मृत्यूवरचे नाटक उभे केले. या साऱ्या कामात भाषणांपेक्षा अर्ज, निवेदने, पत्रे आणि पाठपुरावा यांचाच वाटा मोठा होता. लेखनावर जगणाऱ्या बाईने लिहिण्याचे तास अशा कागदांना द्यावेत, याचे मोल वाङ्मयाच्या इतिहासात व्हायला हवे. तत्पूर्वी वडिलांच्या पश्चात ‘वर्तिका’ हे नियतकालिक हाती घेऊन त्यांनी शेतमजूर, आदिवासी, कामगार यांना स्वतःच्या जगण्याविषयी स्वतः लिहायला लावले होते, त्याच वृत्तीचे हे पुढचे पाऊल होते. पश्चिम बंगालमधील नंदीग्राम येथे भूसंपादनाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर झालेल्या गोळीबारानंतर २००७ मध्ये त्या डाव्या सरकारच्या विरोधात रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या त्या काळातील पक्षीय भूमिकांविषयी मतभेद असू शकतात, माझेही आहेत. परंतु विमुक्तांच्या प्रश्नात त्यांनी कोणत्याही पक्षाचे तोंड पाहिले नाही.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून जन्मालाच गुन्हा ठरवले. सोलापुरात तारेच्या कुंपणातील सेटलमेंटमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे कोंडली गेली. रोजची हजेरी चुकली की शिक्षा, ही त्या वस्तीतील पिढ्यांची आठवण आहे. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगार कायदे, म्हणजे वारंवार गुन्हे करणाऱ्यांची नोंद ठेवून त्यांच्यावर नजर ठेवणारे कायदे, आले. १९५९ चा मुंबईचा कायदा त्याच पठडीतला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये हे कायदे रद्द करण्याची शिफारस केली, तरीही अनेक राज्यांत ते कायम आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलींमधील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि विमुक्तांवर मारलेल्या या शिक्क्याचीही दखल घेतली. ज्या याचिकेमुळे हे घडले, ती मुंबईच्या एका महिला पत्रकाराने दाखल केली होती. कुठे चोरी झाली की पहिला संशय पारध्यांच्या पालावर जातो, हे मात्र अजून थांबलेले नाही.

म्हणून माझी विनंती आहे की अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने येत्या संमेलनात सराईत गुन्हेगार कायदा रद्द करण्याचा ठराव मांडावा. विमुक्त-भटक्या समाजातील लेखकांनी मराठीला समृद्ध आत्मकथने दिली आहेत. ठरावाचा मसुदा त्यांच्याकडूनच करून घ्यावा. ठराव संमत झाल्यावर त्याची प्रत राज्याच्या गृह आणि विधी विभागांकडे पाठवावी, तिचा आवक क्रमांक घ्यावा आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत स्मरणपत्रे पाठवत राहावीत.

आपला,
एक वाचक, सोलापूर