दारूबंदीच्या गावाहून

बडोदे, दांडिया बाजार

प्रिय सुध्यास,
सप्रेम नमस्कार. पत्र लिहायला कारण तसंच आहे. फोनवर हे बोललो असतो तर इथे स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं असतं.

दमण आठवतं ना, आपल्या शेजारचं, दारू खुली असलेलं? परतताना नाक्यावर बस थांबली आणि तू आपली बाटली खिडकीतून गवतात सोडलीस. माझे निम्मे पैसे होते तिच्यात, अजून येणं आहे. त्यानंतर माझा आणि बियरचा संबंध संपला. १९६० साली गुजरात वेगळं झालं ते दारूबंदी घेऊनच, त्यामुळे आपण बडोदेकर या विषयात जन्माचे कोरडे.

तर यंदा उन्हाळ्यात इंग्लंडात, लीड्सला लेकीकडे होतो. एका रविवारी तिने व्हिट्बीला नेलं. उत्तर समुद्राकाठचं, कोळ्यांचं जुनं गाव. टेकडीवर मठाचे भग्नावशेष आणि तिथवर १९९ पायऱ्या. तुझ्या पर्वतीला १०३, म्हणजे हिशेब कर. गुडघ्यांनी तिथेच राजीनामा दिला. मठ इ. स. ६५७ चा, पण खरं सांगू? माझं लक्ष त्याला लागून असलेल्या छोट्या ब्रुअरीकडे, म्हणजे बियरच्या कारखान्याकडे होतं.

दमणमुळे माझ्या डोक्यात बियर म्हणजे अंधारी खोली आणि हलका पडदा. इथे उघड्यावर बाकडी, एक आजी विणकाम बाजूला ठेवून घोट घेतेय, बाकाखाली कुत्रा झोपलेला. लेक सहज म्हणाली, "बाबा, काय घेणार?" आणि सुध्या, मी मागे वळून पाहिलं! समुद्राकाठी, दांडिया बाजारातलं कोण असणार होतं?

तिथल्या पोराला मी विचारलं, हे करता कसं. सातूला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, भरडायचे. मी म्हटलं, अरे, हे तर आई नाचणीचं सत्त्व करायची तसंच! मोड आल्यावर दाण्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. भरड गरम पाण्यात ठेवली की बाकीच्या पिठाचीही साखर होऊन ती पाण्यात उतरते, मग हॉप्सची कडवट फुलं घालून उकळायचं, गार करून यीस्ट सोडायचं. ते कच्चं गोड पाणी मी हुंगलं. थेट आपल्या घरचा वास.

प्रसिद्ध दर्यावर्दी कप्तान कुक याच गावात जहाजावर उमेदवारीला होता, त्याचं एंडेव्हर जहाज इथेच बांधलं. क जीवनसत्त्वाअभावी होणारा स्कर्व्ही रोग होऊ नये म्हणून तो खलाशांना मोडाच्या सातूचा काढा पाजायचा. त्यात क जीवनसत्त्व जवळपास नाहीच, त्यामुळे उपयोग शून्य; पण खलाशांची तक्रार नसावी.

चव म्हणशील तर पहिल्या घोटाला फसवणूक वाटली. बर्फगार नाहीच! पिंपातच मुरणारी ती बियर तळघराच्या गारव्याइतकीच थंड देतात, साधारण १२ अंश. अर्धा पेला झाल्यावर कळलं की गारठ्याने जीभ बधिर होत नाही, म्हणून भाजक्या दाण्याचा, किंचित करपलेल्या पोळीचा स्वाद लागतो. तिथला पेला पाइंटचा, म्हणजे ५६८ मिलिलिटरचा. मी तासभर पुरवला. लेक समोर बसून समुद्र बघत होती, आणि आम्ही पहिल्यांदाच तिच्या नोकरीतल्या कटकटींवर बोललो. घरी ती "सगळं ठीक" एवढंच सांगते.

परवा हिने खमणाचं पीठ आंबायला ठेवलं होतं. झाकण उघडून मी जरा जास्तच वेळ हुंगत बसलो. "काय शोधताय?" म्हणाली.

डिसेंबरात पुण्याला येतोय. वहिनींना नमस्कार सांग, पत्र मात्र दाखवू नकोस. हाती लागलंच तर म्हण, सातूच्या काढ्याबद्दल लिहिलंय.

तुझा,
विन्या