डीबगरची तोंडबंदी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सी आणि सी प्लस प्लस शिकणाऱ्यांच्या हाती जीडीबी या डीबगरची (प्रोग्रॅम मध्येच थांबवून त्यातला दोष शोधण्याच्या साधनाची) आयती सेटिंग फाइल देण्याची पद्धत आहे. तिच्यात ‘सेट पेजिनेशन ऑफ’ आणि ‘सेट कन्फर्म ऑफ’ या ओळी हमखास शेजारी शेजारी असतात. या दोन ओळींना एका मापाने मोजणे आम्हाला मुळीच पटत नाही. पेजिनेशन बंद केले तर इतकेच होते, की स्क्रीन भरल्यावर रिटर्न दाबावे लागत नाही. ते खुशाल बंद करावे. कन्फर्म बंद केले, की नुसते ‘डिलीट’ टाइप होताच सगळे ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम कोठे थांबवायचा त्याच्या खुणा, न विचारता पुसले जातात, आणि थांबलेल्या प्रोग्रॅमवर चुकून ‘रन’ दिले तर तो पहिल्यापासून सुरू होतो. महत्प्रयासाने पकडलेली अवस्था गेली ती गेलीच. नवख्याच्या फाइलमध्ये ही ओळ असूच नये.

जीडीबी मुळातच मितभाषी आहे. मोठा प्रोग्रॅम उघडताना तो गप्प बसला, की अडकला असे समजून लोक कंट्रोल-सी दाबतात. आधी ‘सेट व्हर्बोज ऑन’ दिले असते, तर सिम्बॉल टेबल (फंक्शन व व्हेरिएबलच्या नावांची यादी) वाचणे चालू आहे हे त्यानेच सांगितले असते. कंपायलरने (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाने) लिहिलेल्या डीबग माहितीतल्या विसंगतींबद्दलच्या तक्रारींची मर्यादा मूळात 0 असते, म्हणजे तो एकही दाखवत नाही. कंपायलरवरच संशय असेल तर ‘सेट कम्प्लेंट्स 5’ द्यावे. मग प्रत्येक प्रकारच्या 5 तक्रारी दिसतात.

जे तो आपणहून सांगतो, ते तरी पूर्ण वाचावे. ‘सोर्स फाइल इज मोअर रीसेंट दॅन एक्झिक्युटेबल’ ही ओळ आली, की पुढे दिसणाऱ्या कोडवर विश्वास ठेवू नये. फाइल बदलली, पण बिल्ड जुनाच आहे; बाण एका ओळीवर आणि चालते दुसरीच. व्हेरिएबलच्या जागी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसले तर तो डीबगरचा दोष नव्हे. त्या ठिकाणी ती किंमत शिल्लकच नाही; ‘-जी’सोबत (डीबग माहिती ठेवा) ‘-ओ0’ (ऑप्टिमायझेशन नको) देऊन पुन्हा कंपाइल करावे. बॅकट्रेसमध्ये, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्या यादीत, फंक्शनच्या नावाआधी हेक्स पत्ता असेल, तर ती फ्रेम (यादीतली ती नोंद) ओळीच्या मध्यावर आहे; नसेल तर ओळीच्या अगदी आरंभी, म्हणजे ती ओळ अजून चाललेली नाही. एवढे माहीत नसल्यामुळे किंमत अजून बदललेली कशी नाही, यावर वेळ जातो.

सर्वांत फसवा प्रकार स्क्रिप्टमधला, म्हणजे जीडीबीला आज्ञा फाइलमधून देतानाचा. ब्रेकपॉइंटचे फंक्शन अजून लोड न झालेल्या शेअर्ड लायब्ररीत (प्रोग्रॅम चालताना जोडल्या जाणाऱ्या कोडच्या फाइलीत) असेल, तर जीडीबी तो प्रलंबित ठेवू का, असे विचारतो. इनपुट टर्मिनलवरून नसेल तर उत्तरही स्वतःच देतो: ‘आन्सर्ड एन’. एरवीच्या हो-नाही प्रश्नांना अशा वेळी तो ‘हो’ धरतो, इथे मात्र ‘नाही’. ब्रेकपॉइंट लागतच नाही, प्रोग्रॅम शेवटपर्यंत धावतो आणि तो त्या फंक्शनपर्यंत पोहोचलाच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट ब्रेकपॉइंट पेंडिंग ऑन’ लिहावे. यात एक मेख आहे: नाव चुकीचे लिहिले तरी तेही निमूट प्रलंबित राहते. तेव्हा प्रोग्रॅम संपल्यावर ‘इन्फो ब्रेकपॉइंट्स’ची यादी छापावी आणि पत्त्याच्या रकान्यात ‘पेंडिंग’ कोठे उरले आहे ते पाहावे.

कळावे,
डीबगर रोज वापरणारे काही वाचक