मोडी वाचून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

१९२०च्या दशकात मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकांनी सातारा भागातली भावकी कशी फुटली, हे शोधणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या वतीने हे पत्र. एक भाऊ ब्राह्मणेतर पक्षाचा, दुसरा स्वराज्य पक्षाचा, एवढे कुणीही सांगते. भांडण मतदानाच्या कितीतरी आधी घरात का शिरे, ते तुम्ही शेतसाऱ्याच्या आकड्यांतून दाखवलेत.

जमिनीच्या बळावर मतदार व्हायला साताऱ्यात ३२ रुपये आकार, म्हणजे जमिनीवर ठरलेला शेतसारा, लागे, रत्नागिरीत १६. जमीन एकत्र कुटुंबाची असली तर आकार सगळ्या घराचा मिळून धरायचा आणि मत एकच, कर्त्याचे. धाकटा भाऊ सत्यशोधक जलशांसाठी गावोगाव फिरला तरी त्याला मत नाही. वेगळे निघावे, तर ७० रुपये आकाराचे खाते दोघांत ३५-३५ वाटून दोन मते होत. ४० रुपयांचे २०-२० वाटले की घरात होते तेही मत जाई. हे गणित मांडल्याशिवाय कुठलीही वाटणी निवडणुकीच्या माथी मारू नका, हे तुमचे सांगणे आम्ही गाठीशी बांधले आहे.

सगळ्यात मोठे उपकार त्या उभ्या रेघांचे. मोडीत ‘।’ म्हणजे चार आणे, ‘॥’ आठ, ‘॥।’ बारा. आम्ही त्यांना विरामचिन्हे समजून सोडून देत होतो. ‘३१॥।’ म्हणजे ३१ रुपये १२ आणे: अवघ्या चार आण्यांनी मत हुकलेले घर! अशा घराला भावाची जमीन आपल्या खात्याला जोडून ठेवण्याची किती निकड असेल, हे त्या तीन रेघा वाचल्यावरच कळते.

आता तुमच्याच क्रमाने काम चालते. आधी मतदारयादीतले नाव, मग खात्याचा आकार, मग वाटणीचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या दप्तरातली बदलाची नोंद. फेरफाराची तारीख म्हणजे भाऊ वेगळे झाल्याची तारीख नव्हे. वाटणी तोंडी होते, नोंद मागाहून पडते. नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बाकीचे भाऊ बेदखल झालेले नसतात. आणि ‘बिन’च्या पुढचे बापाचे नाव जुळल्याशिवाय दोन तुकाराम एक मानायचे नाहीत.

१९२१मध्ये मुंबई कायदेमंडळाने स्त्रियांवरची मताची बंदी उठवली. विभक्त झालेल्या भावाच्या विधवेच्या नावावर खाते असू शके, म्हणजे पुरेसा आकार असला तर मतही तिचेच. एकत्र घरातल्या विधवेला मात्र फक्त पोटगी. याद्यांतली बायकांची नावे वेगळी काढा असे तुम्ही सुचवलेत, ते काम सुरू केले आहे.

पाव-अर्धा-पाऊण यांचा तुमच्या हातचा तक्ता वाचनाच्या टेबलावर काचेखाली ठेवला आहे. नवीन येणाऱ्याला आधी तोच दाखवतो.

आपले ऋणी,
जुन्या मतदारयाद्या वाचणारे आम्ही सगळे