सहा व्होल्टची बदनामी

संपादक महोदय,

चतुर्थी आटोपून पाऊस ओसरू लागला की गोव्यात ताडपत्रीखालच्या जुन्या जावा आणि बुलेट बाहेर निघतात. किक मारून पाय दुखतो, हेडलाइट पणतीसारखा मिणमिणतो. मग गॅरेजमधून ठरलेला सल्ला मिळतो : सहा व्होल्ट काढून टाका, बारा बसवा. वीज बनवणारा डायनामो, त्याला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा कटआउट, ठिणगीसाठीची मूळ कॉइल सगळे भंगारवाल्याच्या तराजूत जाते. या सल्ल्याला आमचा विरोध आहे. बहुतेक वेळा दोष सहा व्होल्टचा नसतोच. गंजलेल्या जोडाचा आणि हरवलेल्या अर्थचा, म्हणजे फ्रेममधून बॅटरीकडे वीज परत नेणाऱ्या जोडणीचा असतो.

हिशेब सोपा आहे. ३५ वॉटचा बल्ब ६ व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर ओढतो, १२ वर त्याच्या निम्मे. वाटेत ०.१ ओहमचा रोध आला तर सहाच्या गाडीत अर्ध्या व्होल्टहून थोडा अधिक दाब (व्होल्टेज) तिथेच जिरतो, म्हणजे सुमारे दहा टक्के. पण दाब दहा टक्के घटला की फिलामेंटचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. हा ०.१ ओहम यायला फार काही लागत नाही. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तीन मीटर तार तेवढा रोध सहज देते, आणि बारा व्होल्टच्या हिशेबाने बनवलेले तयार वायरिंग असेच बारीक असते. बॅटरी, किल्ली, हेडलाइट या वाटेवर २.५ चौरस मिमीची तार हवी. बाकी ठिकाणी १.५ पुरते. कापडी वेष्टन शाबूत असेल तर त्यातूनच नवी तार ओढावी, बाहेरून काही कळतही नाही.

अर्थचे दुखणे हल्ली वाढले आहे ते पावडर कोटिंगमुळे. फ्रेम काचेसारखी चकचकीत होते, पण तो थर वीज जाऊ देत नाही. अर्थच्या बोल्टखाली रुपयाच्या नाण्याएवढी जागा लोखंड दिसेपर्यंत खरवडा, लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत जेली विसरलात तर पुढच्या पावसाळ्यात तिथे हिरवट भुकटी ठरलेली. पितळी टर्मिनल आमसुलाच्या पाण्याने छान उजळतात. मात्र नंतर साध्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवावेत, नाहीतर उरलेले आम्लच त्यांना खाते.

तपासणीला पाच मिनिटे लागतात. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, हेडलाइट लावा. एक सुई बॅटरीच्या अर्थ टोकाला, दुसरी बल्ब होल्डरच्या पितळी अंगाला. आकडा ०.२ च्या वर गेला तर अर्थ खराब. मग तसेच जिवंत बाजूने, म्हणजे बॅटरीच्या दुसऱ्या टोकाकडून, एकेक जोड मोजत या. एवढे न करता ‘डायनामो मेला’ म्हणणे म्हणजे नाडी न बघता औषध देणे.

डायनामोचेही तसेच. वर्षभर उभ्या गाडीत कार्बन ब्रश खाचेत अडकून बसतो, तो ज्यावर घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या फिरत्या कॉम्युटेटरवर काळा थर चढतो. तो बारीक काच-कागदाने काढावा, एमरीने कधीच नाही. एमरीचे कठीण कण तांब्यात रुततात आणि ब्रश झिजवतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला मायका (अभ्रक) वर आला असेल तर घासून बारीक केलेल्या हॅकसॉ ब्लेडने सुमारे ०.८ मिमी खोल कोरावा. हे करूनही चार्जिंग नसेल तर फील्डमधले (डायनामोच्या स्थिर गुंडाळीच्या गाभ्यातले) उरलेसुरले चुंबकत्व गेलेले असू शकते. लुकास डायनामोत चार्जिंग आवरणाऱ्या रेग्युलेटरकडची तार सोडून एफ (फील्ड) टर्मिनलला बॅटरीचा जिवंत दाब क्षणभर स्पर्शवला की काम होते. आधी अर्थ धन की ऋण, म्हणजे बॅटरीचे कोणते टोक फ्रेमला जोडले आहे, ते पाहा. जुन्या इंग्लिश गाड्यांत तो बऱ्याचदा धन असतो. उलटे केले तर कटआउटचे पॉइंट जळून चिकटतात.

इंजिनाच्या ठिणगीचा प्रवाह तोडणाऱ्या पॉइंटना जोडलेला कंडेन्सर (कपॅसिटर) मात्र मूळचा ठेवण्याचा हट्ट नको. आतला कागद दमट हवा शोषतो. गाडी थंड असताना सुरू होते, तापली की बंद पडते, पॉइंटवर निळ्या ठिणग्या उडतात. मूळ डबी जागेवर राहू द्यावी आणि टाकीखाली ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर जोडावा. पॉइंटची फट बुलेटला ०.३५ ते ०.४० मिमी, जावाला ०.४.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी आली. त्यात चासी, बॉडी आणि इंजिन मूळचे असण्यावर भर आहे, विजेच्या भागांचे नाव नाही. म्हणूनच ते कुणाचे लक्ष नसताना नाहीसे होतात, आणि पोर्तुगीज अमदानीत थेट युरोपातून इथे उतरलेल्या गाड्यांचे सुटे भाग तर पुन्हा मिळणेही कठीण. गॅरेजवाल्यांना एवढीच विनंती : मालकाने बारा व्होल्टच हवेत म्हटले तरी काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून त्याच्या हाती द्यावा, आणि कोणत्या रंगाची तार कोणत्या टर्मिनलवर होती ते पिशवीवर लिहावे.

— एक ऑटो इलेक्ट्रिशियन, म्हापसा