सनद मिळाली, पण नाव मृत सासऱ्यांचे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, उतरला, गृहकर्जाचे हप्ते कमी झाले, अशा बातम्या २०२५ साली वर्तमानपत्रांत वारंवार वाचल्या. त्या खऱ्याच होत्या. वर्षाच्या सुरुवातीला ६.५० टक्के असलेला रेपो डिसेंबरात ५.२५ टक्क्यांवर आला, आणि पुण्याला फ्लॅट घेतलेल्या माझ्या भाच्याचा हप्ता त्याबरोबर खाली आला. माझा हप्ता मात्र एक रुपयानेही हलला नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. आमच्याकडे असे का होते, ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमचे घर मातीचे आणि वर कवेलू. दोन वर्षांपूर्वीच्या पावसात मागची भिंत बसली. दोन खोल्या बांधायच्या ठरवल्या, तर मिस्त्री म्हणाला, पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागेल. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. उथळ पायावरच्या भिंती दोन वर्षांत तडकलेल्या आम्ही गावातच पाहिल्या आहेत. म्हणजे भिंत उभी राहण्याआधीच दगड, रेती, सिमेंट आणि मजुरी जमिनीत जाते. घरकुलाच्या यादीत आमचे नाव नव्हते. असते तरी केंद्राच्या योजनेतले १ लाख २० हजारांचे अनुदान या मातीत पायाच्या थोडेच वर आले असते.

म्हणून बँकेत गेलो. साहेबांनी पहिला प्रश्न केला, "घर कोणाच्या नावावर आहे?" ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे केला. ते म्हणाले, ही घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. तेव्हा पिशवीतून सनद, म्हणजे घराच्या जागेच्या मालकीचा सरकारी कागद, काढली. गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली, तेव्हा घराघराच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या. आमच्या अंगणातली रेघ मी स्वतः ओढली होती. ही मोजणी ज्या स्वामित्व योजनेतली, ती देशात २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. आपल्या राज्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून या कामाचा प्रयोग त्याआधीच झाला होता. योजना चांगली आहे, हे मी मनापासून म्हणते. पिढ्यान्पिढ्या राहत असलेल्या जागेचा कागद आमच्या हाती पहिल्यांदा आला. पण त्या कागदावर नाव होते माझ्या सासऱ्यांचे, आणि ते जाऊन अकरा वर्षे झाली आहेत.

वारसनोंदीचा अर्ज केला. दोन नणंदांनी सह्या आनंदाने दिल्या. वडिलांच्या घरात त्यांचाही हक्क आहे आणि तो कागदावर आलाच पाहिजे, असे माझे मत आहे. पण त्यानंतर कधी साहेब दौऱ्यावर, कधी फाईल दुसऱ्या टेबलावर, कधी मृत्यूच्या दाखल्यावरच्या नावात एक अक्षर वेगळे. प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे आणि एक मजुरी बुडाली. तोवर मे महिना संपत आला.

शेवटी एका खासगी फायनान्स कंपनीने घर बघितले, नमुना ८ घेतला, सर्व वारसांची संमती घेतली आणि सहा लाख दिले. दर १४ टक्के, मुदत दहा वर्षे, हप्ता ९ हजार ३१६ रुपये. फाईल चार्ज आणि विम्याचे पैसे आधीच कापले. पावसाळा तोंडावर होता, आम्ही सही केली. हेच कर्ज ९ टक्क्यांनी मिळाले असते तर हप्ता ७ हजार ६०१ बसला असता. दहा वर्षांत फरक दोन लाखांच्या वर जातो, घरकुलाच्या त्या अनुदानापेक्षाही जास्त. २०२५-२६ च्या हमीभावाने लांब धाग्याच्या कापसाचे क्विंटलला ८ हजार ११० रुपये. म्हणजे पंचवीस क्विंटल कापूस केवळ नावातल्या या घोळापायी गेला. कोरडवाहूत एवढा कापूस पिकवायला किती एकर लागतात, ते आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको.

रेपोच्या बातमीचे उत्तरही इथेच आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात. फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही. ज्याचा कागद पक्का तो बँकेत जातो आणि दर उतरला की त्याचा फायदा घेतो. ज्याचा कागद कच्चा, त्याचा दर वरच राहतो.

हप्त्याच्या तारखेचेही तसेच. आमच्या हाती पैसा येतो सोयाबीन, कापूस, तूर विकल्यावर, दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत. जून ते सप्टेंबर घरात पैसा नसतो, खर्च मात्र सगळा तेव्हाच. पीककर्ज वर्षातून एकदा फेडता येते, मग शेतकऱ्याच्या घराच्या कर्जाला सहामाही हप्ता का असू नये?

माझ्यासारख्या बायाबापड्यांनी सही करण्याआधी एवढे विचारावे: दर स्थिर की बदलता? बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरल्यास दंड लावता येत नाही, म्हणजे कापसाचे पैसे आले की मुद्दल कमी करता येते. आम्ही विचारलेच नाही. आमचा दर स्थिर निघाला. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे असतात. उशीर कर्ज देणाऱ्यामुळे झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

शासनाकडे माझे मागणे एकच. सनदेवर मृत माणसाचे नाव असेल तिथे भूमि अभिलेखच्या लोकांनी गावात येऊन, ग्रामपंचायतीत बसून, ग्रामसेवकासमोर वारसनोंदी कराव्यात. मोजणीला ड्रोन गावात आला, तर दुरुस्तीला माणूस का येऊ नये? आणि नोंद करताना घरच्या बाईचे नाव सोडू नये. घर नवरा-बायको दोघांचे, हे शासनाने २००३ सालीच म्हटले आहे.

आमच्या अर्जाची पुढची तारीख येत्या सोमवारी आहे. त्या दिवशी मी सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, नणंदांच्या सह्या आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या घेऊन जाणार आहे.

आपली,
एक शेतकरी महिला, जि. यवतमाळ