पंचायतीच्या चार पायऱ्या

महोदय,

यंदा आमच्या फोंडा तालुक्यातील गावात जत्रेच्या नाटकाला व्हीलचेअरवरचे दोघे प्रेक्षक पहिल्यांदाच मांडवात पुढे बसले. वाड्यावरच्या कॉलेजच्या पोरा-पोरींनी त्यासाठी लाकडी उतरण केली होती. पहिली चुकली! दोन फूट उंचीला आठ फुटांची फळी लावली आणि खुर्ची मागे घसरू लागली. मग त्या दोघांनाच विचारले, तेव्हा कळले की एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. चोवीस फुटांची उतरण मांडवात मावेना, म्हणून ती वळवून घेतली. 'वाट अडते' म्हणून आधी कुरकुरणारी जाणती मंडळी नंतर स्वतःच तिच्यावरून चढत होती, हे सांगायलाच हवे.

हीच मुले ग्रामसभेत गेली. पंचायतीला चार पायऱ्या आहेत, त्यामुळे ते दोघे बाहेर अंगणात राहिले आणि त्यांच्याविषयीची चर्चा आत झाली. उत्तर मिळाले, 'निधी आल्यावर बघू.'

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. नियम 2017 साली आले आणि त्यानंतर पाच वर्षांत सार्वजनिक इमारती सुगम व्हायच्या होत्या. ज्या गोव्यात 2023 मध्ये पणजीला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव सुरू झाला, तिथे पंचायतीची पायरी अजून तशीच आहे. मुलांनी आता लेखी अर्ज दिला आहे. पुढच्या ग्रामसभेपर्यंत उतरण झाली नाही, तर सभाच अंगणात घ्यावी, अशी त्यांची मागणी आहे. मला ती रास्त वाटते.

– एक वाचक, फोंडा