रक्ताचा थेंब आणि आठ पाय

चाळीसगाव,
कानबाई विसर्जनानंतरचा मंगळवार

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद.

कानबाईला निरोप दिला. प्रसादाचे रोट भाऊबंदांतच संपवायचे, म्हणून तुझ्या वाटचे पाठवता आले नाहीत. तेही मीच खाल्ले आणि दोन दिवस पोट धरून बसलो. कपाशीला पाती लागलीय. कामगंध सापळे लावलेत, रोज सकाळी जाऊन त्यांत अडकलेले बोंडअळीचे पतंग मोजतो. एका सापळ्यात आठ पतंग, असे सलग तीन रात्री सापडले तर फवारायचं. अजून दोनच्या वर गेलेले नाहीत. आकडा वहीत लिहून ठेवतो, आणि ही सवय मला तुझ्यामुळे लागली.

आता मुद्द्याचं. शाळा उघडल्या उघडल्या तू धडगावहून व्हॉट्सअ‍ॅपवर एका चित्राचा फोटो पाठवला होतास. तेव्हा पेरणीची धांदल होती, मी नुसता अंगठा दाखवून मोकळा झालो. परवा आईला दाखवताना नीट पाहिला. चौथीतल्या पोराने मृगाचा किडा काढलाय. लाल खडू इतका घासलाय की कागद फाटायला आलाय. खाली लिहिलंय, 'हा पावसाचा रक्ताचा थेंब आहे. तो चालतो.' त्यावर तुझी लाल रेघ, आणि वर तुझ्या वळणदार अक्षरात, 'हा लाल रंगाचा कीटक आहे.'

आई म्हणाली, "कसाले खोडं तिनी?" तिचं तेवढ्यावर संपलं. मी मात्र चष्मा लावून पाय मोजले. सहा. आणि त्या सहा पायांशेजारी तुझी बरोबरची खूण.

काल माळ्यावर चढून तुझ्या जुन्या वह्या काढल्या. एका वहीचा कोपरा उंदरांनी खाल्लाय, पण पान शाबूत आहे. तू तेव्हा दहा वर्षांची. 'मृगाचा किडा. पाय आठ. दोनदा मोजले. म्हणजे हा कीटक नाही, कोळ्याचा भाऊबंद आहे.' शेजारी गुरुजींची बारीक टिकली. म्हणजे बाई, जे चुकलं होतं ते तू राहू दिलंस, आणि जे त्या पोराचं स्वतःचं होतं ते खोडलंस. रागावू नकोस. मीही हेच केलंय, आणि तुझ्याच बाबतीत. ते पुढे सांगतो.

गुरुजींची ती वही तुला आठवत असेलच. प्रयोगवहीसारखी, एक पान रेघांचं, एक कोरं. रेघांच्या पानावर तारीख, वेळ, जागा, आणि जे दिसलं, मोजलं तेच. कोऱ्या पानावर वाट्टेल ते. गाणं, चित्र, अगदी शिवीसुद्धा चालेल म्हणायचे. त्यांचं लाल पेन फक्त रेघांच्या पानावर फिरायचं. कोरं पान ते वाचायचे, हसायचे, कधी दोनदा वाचायचे, पण त्यावर टिंबसुद्धा देत नसत. आणि तोंडात एकच, "देख, मंग लिख."

विहिरीवरच्या बाभळीवर सुगरणीचे खोपे लागले होते, तो पावसाळा आठव. तू रेघांच्या पानावर लिहिलंस, 'खोपे अकरा. त्यातले चार अर्धे, उलट्या टोपीसारखे.' आणि कोऱ्या पानावर, 'नवरीने घर नापसंत केलं. नवरदेव रडतोय.' गुरुजी म्हणाले, "रडतोय ते राहू दे. पण नवरी कोणती नि नवरदेव कोणता, हे कसं ओळखलंस?" तुझ्याकडे उत्तर नव्हतं. मग चार सकाळी तू विहिरीच्या कठड्याला टेकून बसलीस आणि मी तुझ्यावर नजर ठेवून. पिवळ्या डोक्याचा पक्षी गवताच्या पातीला कडेला चोच मारायचा, चिमटीत धरल्यासारखी कड पकडून उडायचा, की लांब धागा सुटून यायचा. तो धागा घेऊन पुन्हा खोप्यावर. चिमणीसारखी मातकट दिसणारी मादी यायची, अर्ध्या खोप्याला लटकायची, आत डोकवायची, दोन-चार टोचे मारायची आणि बहुतेक वेळा निघून जायची. एका खोप्यात ती थांबली. त्यानंतर त्याने त्या खोप्याला खालची लांब नळी विणायला घेतली.

चौथ्या दिवशी तू घरी तणतणत आलीस. "विणतो तर तो! मग नाव सुगरण कसं?" तेव्हा कुठे गुरुजींनी तुला पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचं सांगितलं. १९३० सालच्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी या पक्ष्याचे खोपे असेच बसून पाहिले होते. नर अर्धा खोपा विणतो, मादीने तो पसंत केला तर पुरा करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा गडी दुसरा खोपा विणायला घेतो. मी गुरुजींना विचारलं होतं, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर पोरीच्या चार सकाळी वाचल्या असत्या की. म्हणाले, "सांगितलं असतं तर तिने पाठ केलं असतं."

त्या 'नवरदेव रडतोय'ला त्यांनी हात लावला नाही. मी लावला. सहावीत विज्ञान प्रदर्शन होतं. तुझ्या वहीतून मी बॅनरवाल्याकडून तक्ता रंगवून घेतला, थर्माकोलची अक्षरं चिकटवली, तुझ्या वाकड्या खोप्यांच्या जागी सरळ खोपे आले. 'नवरदेव' वगैरे पोरखेळ काढून टाकला. तालुक्याला दुसरा नंबर आला. शाळेच्या अंगणात फोटो निघाला, त्यात सगळ्यांत खूश मीच दिसतो. त्यानंतर वर्षभर तू वही उघडली नाहीस. मला वाटलं, मोठी झाली, अभ्यास वाढला. गुरुजी तेव्हा मला एवढंच म्हणाले होते, "तक्ता छान होता. कोणाचा होता?" मी हसण्यावारी नेलं. अर्थ लागायला बरीच वर्षं गेली.

पाटणादेवीची सहलही त्याच गुरुजींची. एसटीने पाच पोरं घेऊन गेले, मी डबे उचलायला. आषाढ होता. आधी सगळ्यांना झाडीत पिटाळलं, कुडा शोधून आणा म्हणून. पांढऱ्या फुलांची डहाळी हातात आली तेव्हाच गोष्ट सुरू केली. भुंग्यांचा थवा होता, त्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलिंध्रावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर गेले, आणि एकच उरला तो सुगंधाने भुलून हवेत घिरट्या घालतोय. तर भुंगे किती? तू धुळीत काडीने मांडून पंधरा काढलेस. तीन, पाच, सहा आणि तो एक. भास्कराचार्यांनी हे श्लोकात घातलं ते ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, लीलावती या गणिताच्या ग्रंथात. नुसतं गणितच घालायचं असतं तर आंबे-पेरूही चालले असते. पण कदंब आणि कुडा दोन्ही पावसाच्या तोंडाशी फुलणारे. मला तरी वाटतं, या माणसाने डोंगर पाहिला होता. आणि तो एक भुंगा, जो कुठेच बसला नाही, त्याच्याशिवाय गणित सुटत नाही नि कविताही होत नाही.

त्याच पाटणला, म्हणजे पाटणादेवीच्या गावी, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. १२०७ सालचा शिलालेख तिथे आहे. गावात विकल्या जाणाऱ्या मालावरचं उत्पन्न मठाला दिल्याचं त्यात आपल्या जुन्या मराठीत कोरलंय. गुरुजींना याचं फार अप्रूप. "बाजाराने शाळा पोसली," म्हणायचे. स्वतः मात्र पेन्शनीतून पोरांना वह्या घेऊन द्यायचे.

तू मागच्या पत्रात लिहिलंस की मुलं निबंधात सगळी एकच वाक्य लिहितात, 'निसर्ग आपला मित्र आहे'. लिहिणारच. ज्याने तसं लिहिलं नाही त्याच्या वाक्यावर रेघ पडली, हे बाकीच्यांनी पाहिलं असेल ना.

आणखी एक. ती पोरं तुझ्याहून जास्त रानात राहिलेली. मोहाची फुलं पहाटे गळतात हे त्यांना शिकवायला नको. चैत्रात अंधारातच टोपल्या घेऊन निघणाऱ्यांच्या घरची ती. तिथे तू गुरुजी होऊ नकोस, आधी विचारणारी हो. फूल कुठल्या वेळी गळायला लागतं, कुठल्या झाडाचं आधी, ढग असले तर काय होतं. पक्ष्याचं, झाडाचं नाव ती त्यांच्या बोलीत सांगतील, तेच रेघांच्या पानावर लिहू दे. पुस्तकातलं नाव खाली कंसात येईल सावकाश. आणि चुकीचं दिसलं तर सोडूही नकोस. लाड करून निरीक्षण सुधारत नाही. पाय मोजायला पुन्हा पाठव, दोनदा, तीनदा. गुरुजींनी तुला एकदा पानांच्या जोड्या मोजायला भर उन्हात परत पाठवलं होतं, तेव्हा मलाच त्यांचा राग आला होता.

पोरांसाठी सहा वह्या घेतल्यात, एक पान रेघांचं, एक कोरं. बाजारात दोन दुकानं फिरलो, हल्ली पटकन मिळत नाहीत. शहाद्यापर्यंत एसटी पार्सलने टाकतो, तिथून तू मागवून घे. सातवी तुझ्यासाठी आहे.

बाभूळ अजून आहे. यंदा खोपे सात, त्यातले तीन अर्धे. आज सकाळी मोजले, दोनदा.

त्या पोराला आता मृगाचा किडा दाखवता येणार नाही, पुढच्या पावसाला मोजायला लाव. पण त्याचं वाक्य पुन्हा नीट लिहून दे त्याला, आणि विचार, तो थेंब पावसाच्या रक्ताचा कसा, पावसाला लागलं कुठे? आई रोज विचारते, काय म्हणाला तो. कळव.

तुझे,
नाना